व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला उठवून बसवावे की विश्रांती घेऊ द्यावी?

तुमचे वडील ४० दिवस व्हेंटिलेटरवर आहेत, ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला छेद देऊन बसवलेली नळी) झाली आहे, फिजिओथेरपिस्ट त्यांना खुर्चीत बसवू पाहतात आणि आत्या ‘आजारी जिवाला छळू नका’ म्हणून अडवतात. अशा वेळी कोणाचे ऐकावे आणि मशीन किती दिवसांत सुटेल, असे तुम्ही विचारले आहे. फिजिओथेरपिस्टचे ऐका. आत्यांचा जीव तुटतो आहे हे मला समजते, तरीही त्या चुकत आहेत. माझ्या थोरल्या काकांनी आमच्या घरी नेमके हेच केले होते.

माझ्या बाबांना जुना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होत जाणारा फुफ्फुसांचा आजार. पाडव्यानंतर न्यूमोनिया झाला म्हणून गुहागरजवळच्या आमच्या वाडीतून त्यांना चिपळूणला नेले, दुसऱ्याच दिवशी व्हेंटिलेटर लागला आणि बाराव्या दिवशी ट्रॅकिओस्टॉमी झाली. सोळाव्या दिवशी फिजिओथेरपिस्ट ताईंनी त्यांना प्रथम पलंगाच्या कडेला बसवले. सिस्टरांनी मशीनची नळी गळ्याशी ताण येणार नाही अशी सावरून धरली होती, ताईंचा हात बाबांच्या पाठीशी होता. पाय खाली सोडताच त्यांचे दोन्ही तळवे फरशीवर पुढेमागे सरकू लागले. तोल जातो आहे असे समजून ताई त्यांना आडवे करणार होत्या, तेवढ्यात माझ्या लक्षात आले की बाबा चपला शोधत आहेत. पंधरा दिवस ज्यांनी डोळ्यांनीसुद्धा धड उत्तर दिले नव्हते, त्यांना उठून कुठेतरी जायचे होते.

दोन दिवसांनी बसवले असताना ऑक्सिजन ८४ पर्यंत उतरला. ताईंनी लगेच आडवे केले, नळीतला कफ ओढून काढला, आणि दोन-तीन मिनिटांत आकडा पुन्हा ९० वर आला. काका काचेबाहेर उभे होते. त्यांनी डॉक्टरांना निक्षून सांगितले की आमच्या माणसावर प्रयोग नकोत, आणि घरातल्या थोरल्यांपुढे मी बोलले नाही. त्यानंतर नऊ दिवस बाबा केवळ पडून राहिले. दहाव्या दिवशी त्यांना मान सावरता येत नव्हती.

पडून राहिल्याने केवळ हातापायांचे स्नायू झिजत नाहीत. श्वासाचे काम मशीन करू लागले की छाती-पोटामधला श्वासपटल हा स्नायूही रिकामा राहतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, १८ ते ६९ तास व्हेंटिलेटरवर असलेल्या मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तंतू निम्म्याहून अधिक बारीक झालेले आढळले. तासांत ही गत होत असेल, तर आमच्या नऊ दिवसांचा हिशेब काकांनी मला अजून दिलेला नाही. २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या १०४ रुग्णांच्या चाचणीत, ज्यांना सुरुवातीपासून बसवले-चालवले त्यांच्यापैकी ५९ टक्के लोक रुग्णालयातून निघताना आपापली कामे स्वतः करू शकत होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्या दुसऱ्या गटात हे प्रमाण ३५ टक्के होते.

सत्ताविसाव्या दिवशी मी स्वतः डॉक्टरांना भेटले आणि व्यायाम पुन्हा सुरू झाला. पलंगाची कड, मग खुर्ची, मग मशीन शेजारी ठेवून उभे राहणे, आणि सोबत दिवसातून काही वेळ मशीन काढून गळ्याशी नुसता ऑक्सिजन देऊन स्वतःच्या श्वासावर ठेवणे. एके दिवशी गळ्यातल्या नळीभोवतीचा, हवा निसटू न देणारा फुगा रिकामा करून बोलण्याची झडप बसवली; तिच्यातून श्वास आत येतो, पण बाहेर नाका-तोंडावाटेच जातो. (फुगा भरलेला असताना ती झडप कधीही लावायची नसते, श्वास बाहेर पडायला वाटच उरत नाही, हे घरातल्या प्रत्येकाने पाठ करावे.) सव्वा महिन्यानंतर बाबांचा आवाज ऐकला. ते म्हणाले, “आंबा काढला का?” त्रेपन्नाव्या दिवशी दिवसाचे मशीन सुटले. रात्री बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारे लहान मशीन) अजूनही लागते, त्यासाठी पावसाळ्याआधी इन्व्हर्टर घेतला, कारण आमच्याकडे पहिल्या वाऱ्यालाच वीज जाते.

किती दिवस लागतील, हे मूळ आजार, वय आणि स्नायूंत उरलेले बळ यांवर ठरते. २१ दिवसांहून अधिक काळ व्हेंटिलेटरवर राहिलेल्या रुग्णांच्या २०१३ सालच्या एका चाचणीत, गळ्याशी नुसता ऑक्सिजन देऊन रोज स्वतःच्या श्वासावर ठेवलेल्यांचे मशीन साधारण १५ दिवसांत, तर मशीनचा आधार हळूहळू कमी केलेल्यांचे १९ दिवसांत सुटले. काहींचे सुटतच नाही, विशेषतः मज्जातंतूंच्या वाढत्या आजारात. त्यांनाही बसणे, बोलणे आणि कफ बाहेर टाकता येणे यासाठी हे उपचार हवेतच.

हेही सांगायला हवे की अधिक व्यायाम म्हणजे अधिक फायदा, असे नाही. २०२२ सालच्या ७५० रुग्णांच्या चाचणीत नेहमीपेक्षा जास्त जोर दिलेल्या गटाला लाभ झाला नाही आणि त्रासाच्या घटना मात्र वाढल्या. रक्तदाब औषधांच्या मोठ्या मात्रेवर टिकून असेल, ऑक्सिजन ६० टक्क्यांहून अधिक द्यावा लागत असेल किंवा हृदयाचे ठोके नव्याने अनियमित झाले असतील, तर त्या दिवशी थांबणेच योग्य. परंतु तो निर्णय रोज सकाळी डॉक्टरांनी तपासून घ्यायचा असतो, काचेबाहेरच्या नातेवाइकांनी नव्हे.

उद्या वडिलांना बसवतील तेव्हा परवानगी काढून आत्यांना आत न्या आणि भावाचा हात धरायला सांगा. माझ्या काकांनी शेवटपर्यंत जे पाहिले ते काचेतूनच.