शाकारणी कोणी केली, यावर हे घर ठरणार नाही

गुहागर तालुक्यातल्या आजोबांच्या गवती छपराच्या घराबद्दल डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. १९६२ साली मुंबईला जाताना आजोबांनी घर आणि मागचं आगर, म्हणजे नारळीची बाग, सांभाळायला गावातल्याच एका कुटुंबाला तिथे ठेवलं. भाडं नाही, कागद नाही. आता त्यांची तिसरी पिढी म्हणते घर आमचं, कारण दर मे महिन्यात शाकारणी, म्हणजे छपरावर नवा पेंढा घालणं, आम्हीच करत आलो आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला भोगवटादार, म्हणजे घर वापरणारे, म्हणून नाव आमचं आहे. अशी पत्रं मला दर पावसाळ्याआधी येतात.

ताई, नमुना ८ ने मालकी ठरत नाही. तो घरपट्टी वसूल करायचा कागद आहे. शाकारणीनेही ठरत नाही. पेंढा दरवर्षी कुजतो, वासे पाच-दहा वर्षांनी बदलतात, कुडाच्या भिंती पुन्हा लिंपाव्या लागतात. आजोबांनी बांधलेल्या घरातलं आज चिऱ्याचं जोतं तेवढं उरलं असेल. राहणारा माणूस डोक्यावर पाणी गळू नये म्हणून छप्पर करणारच. गोव्यातल्या एका बहीण-भावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट सांगितलं, की राखणदार कितीही वर्षं राहिला तरी त्या मिळकतीत त्याचा हक्क तयार होत नाही.

मग काळजी कशाची? तुमच्या पत्रातल्या एका ओळीची. ‘२०१५ च्या पावसाळ्याआधी त्यांचं पत्र आलं होतं, घर आमच्या वडिलांनी बांधलं, तुमचा संबंध नाही, पण आम्ही दुर्लक्ष केलं.’ तोवर ते परवानगीने राहत होते. त्या पत्राने त्यांनी तुमची मालकी उघड नाकारली. मुदतीच्या १९६३ च्या कायद्यातल्या अनुच्छेद ६५ प्रमाणे बारा वर्षं तिथूनच मोजली जाण्याची दाट शक्यता आहे. २०२७ च्या पावसाळ्याआधी दावा दाखल झाला नाही, तर त्याच कायद्याच्या कलम २७ ने तुमची मालकीच संपुष्टात येऊ शकते. असं पत्र कपाटात ठेवून माणूस स्वस्थ कसा बसतो, हे मला अजून कळलेलं नाही.

नोटीस पाठवल्याने ही मुदत थांबत नाही. गावकीत बैठक घेतल्यानेही नाही. थांबते ती दाव्याने, किंवा घर तुमचं आहे असं त्यांनी मुदतीच्या आत सही करून लिहून दिलं तर. नुसता मनाईचा दावा लावू नका. मालकी जाहीर करून ताबा मागा. ते लग्नाला बाहेरगावी गेले की कुलूप ठोकायचं, हा तुमच्या भावाचा विचार डोक्यातून काढा. सहा महिन्यांच्या आत ते कोर्टात गेले तर मालकी न बघता ताबा त्यांना परत मिळेल.

एक गोष्ट मी इथून ठरवू शकत नाही. आगरातले नारळ पोत्याने मुंबईला यायचे असं तुम्ही लिहिता. तो तुमचाच माल होता, की खंड, म्हणजे जमीन कसल्याबद्दल मालकाला द्यायचा वाटा? खंड असेल तर ते स्वतःला कूळ म्हणवतील. घरही त्यांच्या पूर्वजांनी स्वखर्चाने बांधलेलं निघालं, तर १९४८ च्या कूळकायद्याचं कलम १६ त्यांना मोठं संरक्षण देतं. कुळाचा मुद्दा निघाला की दिवाणी न्यायालय तो तहसीलदाराकडे पाठवतं आणि दावा तिथेच थांबतो. त्यात किती वर्षं जातात ते मी पाहिलं आहे. अशिलांची मुलं निकाल ऐकायला येतात.

म्हणून आजोबांच्या वह्या आजच शोधा. जोत्याचे चिरे, गवंड्याची मजुरी, ‘दिवाबत्तीला अमुक ठेवला’ असं एखादं पोस्टकार्ड, काहीही. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ठिकाणाहून निघाला तर त्यावरची सही-अक्षर खरं असल्याचं न्यायालय गृहीत धरू शकतं. मजकूर मात्र वेगळा शाबीत करावा लागतो.

आणि २०१५ च्या त्या पत्रावर तारीख नाही म्हणता, तर ते ज्या पाकिटातून आलं ते पाकीट शोधा. त्यावरचा पोस्टाचा शिक्का मला हवा आहे.