तुमचे प्रश्न: गच्चीवरचं ऊन, नवीन पोरगं आणि खिशातला कांदा

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मी घोडबंदर रोडला बिल्डिंगच्या गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग करतो, माझ्याकडे सात माणसं आहेत. मे महिना म्हणजे आमचा सीझन, पाऊस यायच्या आत सगळं उरकायचं असतं. मागच्या आठवड्यात जव्हारहून एक नवीन पोरगं आलं, वय २०, अंगाने धडधाकट, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी दीडला कोब्याचा माल वाहता वाहता घमेलं टाकून खाली बसलं. पायात गोळे, एक उलटी. सावलीत झोपवल्यावर तासाभराने बरं वाटलं. बाकीचे म्हणतात नाटक करतोय, आम्हाला कसं काय होत नाही. त्याला कामावर ठेवू का परत पाठवू? लिंबूपाणी देतो आम्ही सगळ्यांना.
(कासारवडवलीचे एक वाचक)

उत्तर: दादा, नाटक नाही ते. बाकीच्या सहा जणांना काही होत नाही कारण ते मार्चपासून तुमच्याबरोबर रोज उन्हात आहेत, त्यांच्या अंगाला सवय झालीय. सवय म्हणजे काय तर घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. याला एक ते दोन आठवडे लागतात, आणि पोरगं कितीही तगडं असलं तरी लागतातच. त्यात जव्हार पडलं डोंगरावर, रात्री तरी अंग निवतं. आपल्याकडे खाडीची दमट हवा, घाम येतो पण वाळत नाही, बनियन पिळून निघतं आणि अंग काही गार होत नाही. पारा ३५ च्या आसपास असला की लोक म्हणतात विदर्भापेक्षा बरंय, पण हवामान खातं किनारपट्टीवर ३७ पासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करतं (सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असेल तर), तिकडे मैदानात तोच आकडा ४० आहे.

तर परत पाठवू नका. एकदा डॉक्टरला दाखवा, दोन दिवस आराम द्या, मग नव्याने सुरू करा. हिशोब असा, की नवीन माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम पाचातला एक हिस्साच, म्हणजे आठ तासांतले साधारण दीड, आणि मग रोज तेवढंच वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण. उरलेला वेळ त्याला खाली पार्किंगमधे विटांचे तुकडे भरायला बसवा. आणि तुमची जुनी माणसं गावाला जत्रेला जाऊन आठ-दहा दिवसांनी आली ना, तर त्यांचीही सवय उतरलेली असते, त्यांना पहिल्या दिवशी निम्मंच काम द्या. हे कोणी करत नाही, आल्या आल्या घमेलं हातात.

लिंबूपाण्यात मीठ घालता की नुसती साखर? गोळे आले म्हणजे घामातून मीठ गेलंय. लिंबूपाणी, ताक चालेल पण मीठ घालून, आणि डब्यात भाकरीबरोबर लोणचं असू दे. ज्यांना बीपी आहे त्यांनी मात्र मीठ वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारावं, लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाचा त्रास लवकर होतो. तहान लागायची वाट बघायची नाही, दर १५-२० मिनिटांनी एक ग्लास पाणी, पण तासाला दीड लिटरच्या वर नको, नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. गोळे-उलटी असेल तर ओआरएस, पाकिटावर एक लिटर लिहिलंय ना, मग पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यातच, अर्धं पाकीट ग्लासात अंदाजाने नाही. टेट्रापॅकमधली गोड सरबतं ओआरएस म्हणून घेऊ नका, एफएसएसएआयने (खाण्यापिण्याच्या मालावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०२५ च्या ऑक्टोबरमधे त्यांना ते नाव लावायला बंदी केलीय. आणि पाण्याचा जार गच्चीवरच हवा. कितीतरी सोसायट्यांत लेबरला लिफ्ट वापरू देत नाहीत, मग चौदा मजले उतरून कोण पाणी प्यायला जाणार, माणूस तसाच तहानलेला राहतो.

वेळेचं सेक्रेटरीशी बोला. सोसायटीचा नियम असतो सकाळी ९ च्या आधी काम नको आणि दुपारी २ ते ४ आवाज नको. म्हणजे गार वेळ फुकट जाते, आणि दुपारी आवाज न करणारं काम म्हणून पोरं भर उन्हात माल पसरत बसतात! ठोकाठोकी नसलेलं काम ७ ला सुरू करायची लेखी परवानगी मागा, आणि १२ ते ४ माणसं खाली आणा.

आता जे खरं भीतीचं आहे ते. माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या द्यायला लागला, बेशुद्ध पडला किंवा फिट आली तर तो उष्माघात, अंगात ४० अंश सेल्सिअसच्या (१०४ फॅरनहाइटच्या) वर ताप. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही असं समजू नका, काम करणाऱ्याला तेव्हाही घाम असू शकतो. १०८ ला फोन लावा आणि तोवर जिन्याच्या केबिनमधे आणून कपडे सैल करून पाणी ओता. टाकीचं पाणी मेमधे कढत असतं, पाइप आधी थोडा सोडून द्या. कोणाच्यातरी घरून बर्फ मागवा, फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत लावा, पुठ्ठ्याने वारा घाला. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, आणि तापाची गोळी इथे काही कामाची नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जण गेले, हा सरकारी आकडा आहे, आणि ते लोक घमेली उचलत नव्हते, नुसते उन्हात बसले होते.

प्रश्न: मी ऐरोलीत रोडच्या मधल्या डिव्हायडरवरची झाडं छाटते, कंत्राटदाराकडे. जवळपास बाथरूम नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही. महिन्यात दुसऱ्यांदा लघवीला जळजळ होतेय. मेडिकलवाल्याने गोळ्या दिल्या होत्या.

उत्तर: ताई, चूक तुमची नाही, पण त्रास तुम्हालाच होतोय. दुसऱ्यांदा झालंय तर मेडिकलच्या गोळ्या बंद, पालिकेच्या दवाखान्यात लघवी तपासून घ्या, कल्चर (कोणते जंतू आहेत ते बघायची तपासणी) सांगितली तर करा. रोज उन्हात घाम गाळायचा आणि पाणी प्यायचं नाही, यात खडे होतात आणि किडनीवर ताण येतो. लघवी चहासारखी दिसायला लागली म्हणजे फार कमी पिताय, फिकट पिवळी हवी. पेट्रोल पंपावरचं टॉयलेट फुकट असतं, तिथे विचारून जात जा. आणि तुम्ही चार-पाच जणी असाल तर मिळून मुकादमाला सांगा की गाडी मधेमधे तिकडे फिरव. एकटीने सांगितलं की तो हसतो.

प्रश्न: डिलिव्हरी करतो, ठाणे स्टेशन ते वागळे. आई खिशात कांदा ठेवायला लावते. आणि उन्हातून आल्यावर लगेच गार पाणी पिऊ नको म्हणते. खरं का?

उत्तर: गार पाण्याने काही होत नाही रे, पी. एनर्जी ड्रिंकच्या कॅनवर दिवस काढू नकोस एवढंच, आणि सिग्नलला थांबलास की रुमाल ओला करून मानेवर टाक. कांद्याचं म्हणशील तर तो खिशात बसून काही करत नाही. आईचं मन मोडू नकोस, दुपारी भाकरीबरोबर फोडून खा आणि त्या खिशात ओआरएसचं पाकीट ठेव.