10 दिवसांच्या गावरान पिल्लांना प्रोटीनसाठी सोयाबीनचा भरडा चालेल का?

भाऊ, पिल्लं 20, खायला नुसती कनकी (तुटका तांदूळ), पंख लोंबतात, एकमेकांची पिसं उपटतात, आणि घरचं सोयाबीन चक्कीवरून भरडून द्यायचा तुमचा विचार आहे. कच्चं देऊ नका.

"म्हशीला ढेप चालते, मग पिल्लाला भरडा का नाही?" हे आमच्या थोरल्या भावाचं ठरलेलं वाक्य, आणि ते साफ चूक आहे. म्हशीच्या पोटातले जंतू अर्धं काम आधीच करून टाकतात. पिल्लाकडे ती सोय नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला, म्हणजे प्रोटीन पचवणाऱ्या रसाला, अडवणारं द्रव्य असतं. प्रोटीन पोटात जातं पण पचत नाही, स्वादुपिंड फुगतं, पिल्लू दिवसभर चोची मारतं आणि वाढ खुंटलेलीच. सरकीच्या ढेपेत तर गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, ती पिल्लांपासून लांबच ठेवा.

सोयाबीन रात्रभर भिजवा, पाणी फेका, नव्या पाण्यात उकळी फुटल्यावर 30 मिनिटं शिजवा, कडक उन्हात वाळवा, मग भरडा. तव्यावर परतू नका. वरून करपतं, आत कच्चं राहतं. शंका असेल तर झाकणाच्या बरणीत 5 चमचे भरडा, 1 चमचा युरिया आणि भिजेल इतकं कोमट पाणी घालून 20 मिनिटं बंद ठेवा. झाकण उघडल्यावर नाकात अमोनिया झोंबला की समजा, सोयाबीन कच्चं आहे. सोयाबीनमधलं युरिया फोडणारं विकर (एन्झाइम) आणि ते घातक द्रव्य साधारण एकाच उष्णतेला मरतात, म्हणून ही खूण चालते. तो नमुना फेकून द्या, युरिया पिल्लांना विषारी आहे. जास्त शिजून लायसिन (प्रोटीनमधला गरजेचा घटक) गेलं असेल तर मात्र या बरणीत ते कळत नाही.

कनकीत प्रोटीन 8 टक्क्यांच्या आसपास, शिजवून वाळवलेल्या सोयाबीनमध्ये 38, पिल्लाला हवं 20. म्हणजे 600 ग्रॅम कनकीला 400 ग्रॅम भरडा. तेल काढलेली सोया पेंड (45 टक्के) मिळाली तर 675 ला 325. ती कारखान्यातच भाजून येते. पण कॅल्शियम, जीवनसत्त्वं यातून पुरेशी मिळत नाहीत, पिल्लांचं मिनरल-व्हिटॅमिन मिक्श्चर घालावंच लागतं. एवढा खटाटोप करण्यापेक्षा चिक स्टार्टरचं, म्हणजे पिल्लांच्या तयार खाद्याचं, पोतं आणलेलं बरं.

उकडलेलं अंडं द्या, वाईट नाही. 10 पिल्लांना एक. पण त्यात प्रोटीन 6 ग्रॅम. कनकीवरच्या पिल्लांचा खुराक त्याने फार तर 12 टक्क्यांवर जातो. ओल्या अझोल्यात (पाण्यावर तरंगणारी चाऱ्याची वनस्पती) तर 90 टक्क्यांहून जास्त पाणीच.

स्टार्टर सुरू केलं की वरून प्रोटीन नको. जादा प्रोटीनचं युरिक ॲसिड होतं, पिल्लं जास्त पाणी पितात, खाली अंथरलेला भुसा ओला होतो, अमोनिया सुटतो. नागपूरच्या मे महिन्यात 45 अंशांत हे पिल्लांना झेपत नाही. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्यही नको, त्यातलं कॅल्शियम पिल्लांचे मूत्रपिंड बिघडवतं.

आणि विष्ठेत रक्त दिसलं तर हे सगळं बाजूला ठेवा. पंख कॉक्सिडिओसिसमध्येही (आतड्याचा रोग) लोंबतात. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठा.