आधी कासव, मोर नंतर

टाकाऊ वस्तूंतून मुलांसोबत बागेसाठी शिल्पं करायची आहेत? मग पहिल्याच रविवारी चार फुटी मोर नको! फुटकी कुंडी उपडी घाला आणि कासव करा. डोकं-पाय कोंबडी जाळीचे (खुराड्याला लावतात ती तारेची जाळी), त्यावर १ भाग सिमेंट, ३ भाग वाळूचा माल. कुंडी आधी भिजवून घ्या, नाहीतर ती मालातलं पाणी शोषते आणि थर सुटतो.

नवखे हमखास चुकतात ते इथं:

- दुसऱ्याच दिवशी रंग. आधी ७ दिवस पाणी मारा.
- मुलांचे उघडे हात. ओलं सिमेंट कातडी जाळतं, हातमोजे हवेतच. वर चिकटवायच्या फरशीच्या तुकड्यांच्या कडा मोठ्यांनी घासून द्याव्यात. चिकटवायची मजा पोरांची.
- शिल्पात वापरलेल्या डब्या-बाटल्यांत साचणारं पाणी. डास होतात, खाली भोक पाडा.

चंडीगडचं रॉक गार्डन नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या-फरशांसारख्या टाकाऊ वस्तूंतूनच उभारलं. आमचं पहिलं कासव मात्र बटाट्यासारखं दिसतं; तुळशीपाशी तेच बसलंय.