आमच्या ग्रुपमधली एक कंपनी दुबईत आहे. कन्सॉलिडेशन सॉफ्टवेअरमध्ये (ग्रुपमधल्या सगळ्या कंपन्यांचे हिशोब एकत्र करणाऱ्या) आधी एलिमिनेशन (आपसातले व्यवहार वगळणं) रन करायचं की करन्सी ट्रान्सलेशन (परकीय चलनातले आकडे रुपयांत आणणं)?

ग्रुपमधली एक कंपनी दुबईत आहे म्हणताय ना, मग आधी ट्रान्सलेशन, डोळे झाकून. मी रत्नागिरीत आंबा पल्पवाल्या ग्रुपचं अकाउंट्स बघतो, आमचंही एक पिल्लू, म्हणजे उपकंपनी, दुबईला आहे, पहिल्या वर्षी मी उलटं केलं, इकडचं येणं रुपयांत नि तिकडचं देणं दिरहममध्ये, जुळणार कसं हो, रात्री अकरापर्यंत फरक शोधत बसलो आणि फरक नव्हताच!

आता सगळ्यांचे ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) लोड करून लॉक करतो, मग ट्रान्सलेशन. इंड एएस २१ (परकीय चलनाचं भारतीय अकाउंटिंग स्टँडर्ड) प्रमाणे मालमत्ता-देणी क्लोजिंग रेटने, म्हणजे ताळेबंदाच्या तारखेच्या रेटने, नफातोट्याला सरासरी रेट चालतो (रेट फार उड्या मारत नसेल तर), फरक ओसीआयमध्ये (नफातोट्याबाहेर दाखवायच्या उत्पन्नात). मग इंटरकंपनी मॅचिंग, म्हणजे ग्रुपमधल्या कंपन्यांचं एकमेकांचं येणं-देणं जुळवणं, ते जुळल्यावरच एलिमिनेशन.

इथे स्टॉकमधला नफा विसरू नका. समजा ८० लाखांचा पल्प दुबईला १०० लाखांना विकला आणि मार्चअखेर अर्धा तिथल्याच गोदामात पडलाय, तर १० लाख नफा हिशोबातून वगळायलाच लागतो, तेवढा माल अजून ग्रुपबाहेर विकला गेलेला नाही ना. बाहेरच्या भागधारकांचा हिस्सा, म्हणजे एनसीआय, त्यानंतर, कारण माल विकणारी कंपनी अशी उपकंपनी (सबसिडरी) असेल, जिच्यात बाहेरच्यांचाही हिस्सा आहे, तर ही कपात त्यांच्या वाट्यालाही येते.

आणि टास्क घड्याळ लावून सोडू नका, आधीचं ओके झालं तरच पुढचं सुटेल अशी डिपेंडन्सी लावा. कोणी मध्येच ट्रायल बॅलन्स बदलला की ट्रान्सलेशनपासून सगळं परत रन, कंटाळा आला तरी.