पार्टिशन टेबल यू-बूटने लिहावे, पण प्रत्येक बूटला नव्हे

आपल्या मांडणीनुसार ऑलविनर चिपच्या बोर्डावर जीपीटी टेबल (स्टोरेजवरचे पार्टिशन कुठे आहेत याची नोंद) यू-बूटने, म्हणजे लिनक्स कर्नल सुरू करून देणाऱ्या बूटलोडरने, स्वतःच तयार करावे, म्हणून आपण 'बूटसीएमडी'मध्ये (प्रत्येक बूटला आपोआप चालणाऱ्या आज्ञांत) ते टेबल लिहिणारी 'जीपीटी राइट' ही आज्ञा घातली आहे. त्यानंतर काही बोर्ड दुसऱ्या बूटला सीरियल कन्सोलवर एक अक्षरही दाखवत नाहीत, तर काही कर्नलपर्यंत येऊन 'वेटिंग फॉर रूट डिव्हाइस' (मुख्य फाइलसिस्टिमच्या पार्टिशनची वाट पाहणे) या ओळीवर अडकतात. हे दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांचा शोध वेगवेगळा घ्यावा लागेल.

आधी गप्प बसणाऱ्या बोर्डांचे पाहू. नेहमीच्या जीपीटीत प्रत्येकी १२८ बाइटच्या १२८ नोंदी असतात, म्हणजे १६ केबी. सेक्टर ५१२ बाइटचा धरल्यास त्या २ ते ३३ क्रमांकाचे सेक्टर व्यापतात. ऑलविनरचा बूट-रॉम (चिपमधला कायमचा पहिला प्रोग्राम) मात्र एसपीएल (यू-बूटचा आधी चालणारा छोटा भाग) ८ केबीवर, म्हणजे १६व्या सेक्टरवर शोधतो. टेबल लिहिताच एसपीएलचा सुरुवातीचा भाग पुसला जातो, पण त्या क्षणी यू-बूट रॅममध्ये चालू असल्याने पहिले बूट सुरळीत पार पडते आणि आपल्याला वाटते, काम झाले. म्हणूनच या चिपांसाठी यू-बूटमध्ये नोंदींची संख्या ५६ ठेवलेली आहे: १४ सेक्टर, म्हणजे १५व्या सेक्टरपर्यंतच. आपल्या कॉन्फिगमध्ये ती कोणी १२८ केली आहे का, ते पाहावे. एच३ आणि नंतरच्या बहुतेक चिपा १२८ केबीवरही एसपीएल शोधतात. शक्य असल्यास तो तिथेच हलवावा.

याच ओघात, पहिल्या पार्टिशनचा 'स्टार्ट' कधीही मोकळा सोडू नये. तो न दिल्यास टेबल संपताच पार्टिशन सुरू होते आणि त्यावर फाइलसिस्टिम उतरवताना बूटलोडर गाडला जातो. रॉकचिप या दुसऱ्या कंपनीच्या चिपांवर यू-बूटची मुख्य प्रतिमा नेहमीच्या मांडणीत १६३८४व्या सेक्टरवर, म्हणजे ८ एमबीवर असते, त्यामुळे तिथे १ एमबीची सुरुवातही पुरत नाही.

आता अडकणारे बोर्ड. टेबलाची मांडणी सांगणाऱ्या 'पार्टिशन्स' व्हेरिएबलमध्ये यूयूआयडीच्या (पार्टिशनच्या एकमेव ओळख-क्रमांकाच्या) जागी डॉलर-कंसातले नाव असेल, ते व्हेरिएबल रिकामे असेल आणि रँडम यूयूआयडीची सोय चालू असेल, तर यू-बूट नवा यूयूआयडी तयार करते, पण 'सेव्हएन्व्ह' (व्हेरिएबल कायमचे साठवणारी आज्ञा) केल्याशिवाय तो टिकत नाही. पुढच्या बूटला टेबल पुन्हा लिहिले जाते, यूयूआयडी बदलतो आणि कर्नल जुना पार्टयूयूआयडी, म्हणजे रूट पार्टिशनचा आधीचा यूयूआयडी, शोधत बसतो. डेटा जागच्या जागी असतो, फक्त पत्ता बदललेला असतो. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील एका छोट्या युनिटच्या पंप-कंट्रोलरवर मी नेमके हेच केले होते; मे महिन्यात दुपारी लाइन गेली की परतल्यावर एकही कंट्रोलर उठत नसे, आणि मी दोन दिवस पॉवर सप्लायला दोष देत राहिलो.

माझे मत स्पष्ट आहे: 'जीपीटी राइट' फक्त कारखान्यातील पहिल्या फ्लॅशिंगच्या स्क्रिप्टमध्ये असावे आणि यूयूआयडी तिथेच ठरवून द्यावेत. फील्डमधील 'बूटसीएमडी'त टेबल फक्त तपासणारे 'जीपीटी व्हेरिफाय' ठेवावे. ते नापास झाल्यास 'जीपीटी रिपेअर' वापरावे, जे टेबलाच्या दोन प्रतींपैकी शाबूत असलेल्या प्रतीवरून दुसरी प्रत पुन्हा लिहिते. व्हेरिफाय नापास म्हणून थेट राइट करणे धोक्याचे आहे, कारण नव्या यू-बूटमध्ये मांडणी बदललेली असेल तर रूट पार्टिशनची सुरुवातच सरकते.

तरीही टेबल यू-बूटकडून लिहून घेण्याचा आपला मूळ विचार योग्य आहे. एकाच आकाराच्या म्हणून नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलेल्या दोन कार्डांचे सेक्टर क्वचितच सारखे भरतात, आणि जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असावी लागते. तयार इमेज छोट्या कार्डावर उतरवली तर ती प्रत कापली जाते. शेवटच्या पार्टिशनचा आकार उणे चिन्हाने दिल्यास उरलेली जागा यू-बूट स्वतः मोजते.

आता एका अडकणाऱ्या बोर्डावर 'पार्ट लिस्ट एमएमसी ०' चालवून यूयूआयडी टिपून घ्यावा, वीज पूर्ण बंद करावी, आणि पुन्हा सुरू झाल्यावर 'बूटसीएमडी' चालून गेल्यानंतर तोच आकडा ताडून पाहावा.