एकटीनं शिकू नकोस

बजाजनगर, वाळूज

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. वेरूळला दहा नंबरच्या लेण्यासमोर तैवानच्या बाईंनी तुला चिनीत काहीतरी विचारलं, तुला ते कळलंसुद्धा, आणि तोंडातून एक शब्द फुटला नाही. एसटीत बसल्यावर सगळं उत्तर आठवलं. आता तू विचारतेस की जिंतुरात चिनी बोलणारं कुणीच नाही, तर वडिलांच्या मागं लागून पुण्याला जाऊ का.

जाऊ नकोस. निदान आत्ता तरी नको.

तुझी मेहनत कमी पडली असं मी म्हणणार नाही. तुझी वही मी बघितलीय, अक्षरं नेटकी आहेत. मोबाईलवरचे धडे तू एक दिवस चुकवत नाहीस. सातशे शब्द येतात म्हणतेस. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या २०१० मध्ये आलेल्या रचनेत तिसऱ्या पातळीला सहाशे शब्द लागतात, म्हणजे कागदावर तू ती पातळी ओलांडलीस. पण त्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं असतं. बोलण्याची परीक्षा निराळी, तिचं नाव एचएसकेके. सातशेतला एकही शब्द तू अजून दुसऱ्या माणसाच्या तोंडाकडं बघून बोललेली नाहीस. तुझं दुखणं तेवढंच आहे, आणि पुण्यात कॉट बेसिसवर राहून, खोलीचं दार लावून तोच मोबाईल उघडून बसलीस तर ते दुखणं तुझ्यासोबत पुण्याला येईल.

एकटीनं शिकू नकोस. तुला कंटाळा येईपर्यंत मी हेच सांगणार आहे.

तू म्हणशील, दुसरं माणूस आणू कुठून? घरात आजी आहे ना? सुरांचं काम आजीपासून सुरू कर. चिनीत चार सूर, शिवाय एक हलका. 'माय' हा आवाज खाली दाबून काढलास तर विकत घेणं होतं, वरून खाली आपटलास तर विकणं. मोंढ्यात असला घोळ झाला तर अडत्या काय म्हणेल? आणि हे एकटीनं तपासता येत नाही, कारण आपला आवाज आपल्याला नेहमी बरोबरच वाटतो. आजीला समोर बसव. दोन्हीपैकी एक म्हण. आवाज दबलेला वाटला तर आजीनं तळहात जमिनीकडं धरायचा, आपटलेला वाटला तर मांडीवर थाप मारायची. मग दुसरा सूर घे, तो खालून वर चढतो, त्याला हात वर. पहिला उंचावर सरळ राहतो, त्याला हात आडवा. आजीला चिनी येत नाही, पण तिनं जन्मभर ओव्या म्हटल्यात, चढ-उतार तिच्या कानातून सुटत नाही. तिचा हात चुकला तर चूक तुझी धर आणि पुन्हा म्हण. महिनाभर हे केलंस की फोनची भाषा चिनी करून त्यालाही बोलून लिहायला लाव. तोवर फोन बाजूला ठेव.

उच्चारांत तर आपल्या तोंडाला केवढी सोय आहे! रोमन लिपीतलं 'बी' बघून तू 'ब' म्हणतेस, तिथंच चुकतेस. तो मऊ, हवा न सोडलेला 'प' आहे. 'पी' म्हणजे आपला 'फळ'मधला 'फ', ओठ मिटून काढलेला. तसंच त आणि थ, क आणि ख. आपण ज्याला बीजिंग म्हणतो त्याला ते लोक पेइचिंग म्हणतात. 'चाक'मधला च आणि 'चार'मधला च हे दोन्ही त्यांच्याकडं वेगवेगळी अक्षरं आहेत, आणि मराठी माणसाला हा फरक कुणी शिकवावा लागत नाही. वहीत उच्चार देवनागरीत लिही, शेजारी सुराचा आकडा टाक. अडेल ते फक्त ओठांचा चंबू करून काढलेल्या 'ई'ला आणि जीभ मागं वळवून काढायच्या काही च-श ला. ते ऐकूनच येतात, पत्रात सांगून येत नाहीत.

आता तुझ्या मामाचं दुकान. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसून 'इथं चिनी नाही' असं लिहितेस याचा मला खरंच राग आला. बोर्डाच्या नकाशावर काय लिहिलेलं असतं? बॅटरीच्या स्टिकरवर? शेजारच्या कृषी केंद्रात फवारणीचे चार्जिंगचे पंप येतात, त्यांच्या खोक्यावर? 'त्येन' म्हणजे वीज, 'शुइ' म्हणजे पाणी, 'खाय' चालू, 'क्वान' बंद. मामाला रोज एक शब्द शिकव, दुसऱ्या दिवशी विचार. त्याचा धंद्यात फायदा झाला की तोच तुला विचारायला लागेल, आणि ज्या दिवशी तो विचारेल त्या दिवसापासून तू एकटी नाहीस.

खरी चिनी बोलणारी माणसं हवीत? तीही आहेत. बीड, लातूर, नांदेड, परभणीकडची मुलं एमबीबीएसला चीनला गेली. वर्ग इंग्रजीत भरला तरी वॉर्डातला रुग्ण चिनीतच कण्हतो, त्यामुळं त्यांना बोलणं शिकावंच लागतं. २०२० च्या सुरुवातीला कोरोनात जी परतली, त्यांना २०२२ च्या उत्तरार्धापर्यंत व्हिसा मिळाला नाही, घरी बसून मोबाईलवर शिकली. त्यांतली कितीतरी आज आपल्याच तालुक्यांत दवाखाने चालवतायत. तुझ्या तालुक्यात असा डॉक्टर आहे का, हे तू कधी विचारलंस? मेडिकलवाल्याला विचार, त्याला सगळे डॉक्टर माहीत असतात. दुपारी ओपीडी संपल्यावर जा, पाच मिनिटं माग, जास्त मागू नकोस. त्यांचीही भाषा गंजत चाललेली असते. कुणी विचारलं तर त्यांनाही बरंच वाटेल.

मी कसा शिकलो ते तू पत्रात विचारलंयस. सांगतो.

आमच्या प्लांटमध्ये निंगपोहून प्लास्टिक मोल्डिंगचं मशीन आलं. सोबत एक फिटर आला, माझ्याच वयाचा. मी मेंटेनन्सला होतो. पुस्तकातून आकडे पाठ केलेले, चार म्हणजे 'स्स', दहा म्हणजे 'श्श', सूर वेगळे. तो दक्षिणेकडचा, त्याच्या तोंडात दोन्हीला 'स'च. कूलिंगचा वेळ किती ठेवायचा विचारलं, तो म्हणाला 'स'. चार सेकंद की दहा? चार ठेवला असता तर गरम माल साच्यातून वाकडा निघाला असता. मी थांबलो, पुन्हा विचारलं. त्यानं दोन्ही हातांच्या तर्जन्या एकमेकींवर फुलीसारख्या आडव्या धरल्या. दहा. मग तिथंच ऑइलच्या ड्रमवर हात टेकून त्यानं मला एका हातावर दहापर्यंत मोजायला शिकवलं. सहाला अंगठा आणि करंगळी उघडी, बाकी बोटं मिटलेली. दुपारी डबा उघडला तर शेंगदाण्याच्या चटणीकडं बोट करून म्हणाला, 'हुआशंग?' मी मान हलवली. भाकरीसकट त्यानं अर्धा डबा संपवला आणि प्रत्येक घासाला एकेक शब्द देत गेला. ते शब्द मी आजपर्यंत विसरलो नाही. पुस्तकातले कितीतरी विसरलो.

तो गेल्यावर स्टोअरचा एक दोस्त आणि मी कंपनीच्या बसमध्ये रोज चिनीत बोलायचो. तोडकंमोडकं. लोक हसायचे. दोस्त चाकणला गेला आणि माझी चिनी आटली. पुस्तकं होती, रेकॉर्डिंग होतं, समोर माणूस नव्हतं. २०२० नंतर तिकडच्या फिटरला व्हिसा मिळेना, मशीन यायची आणि जोडणी व्हिडिओ कॉलवर करावी लागायची. मी मोबाईल धरून मशीनपुढं उभा, समोरचा बोलतोय, आणि माझं तोंड तुझ्यासारखंच बंद. मधली वर्षं वाया गेली याची हळहळ मला अजून आहे. म्हणून सांगतोय. मग घरी बायकोला सोबत घेतलं. रोज भाजीचे भाव चिनीत सांगायचे, तिनं पैसे मोजून हातावर ठेवायचे. ती आज शंभरापर्यंत न अडखळता मोजते आणि माझा सूर चुकला की टोकते.

तू दिल्लीचं विचारलंस. जेएनयूत चिनी चांगली शिकवतात. शांतिनिकेतनात तर १९३७ पासून चीना भवन आहे. मलाही जायचं होतं. वडिलांना अर्धांगवायू झाला, शेतीकडं बघायला कुणी नव्हतं, राहिलो. पुढं एका कंपनीला दुभाष्या हवा होता. मी मशीनवाल्यांशी बोलत होतो, तरी पदवी नाही म्हणून मला घेतलं नाही. ज्या मुलाला घेतलं तो हुशार होता, त्याचं चिनी माझ्यापेक्षा शुद्ध होतं, पण नोझल आणि हीटर बँड त्यानं आयुष्यात पाहिले नव्हते, फिटर काय मागतोय ते त्याला कळेना. मला बोलावून घ्यावं लागलं. मी इथं राहिलो ते बरोबर केलं. पदवीला महत्त्व नाही असं मी म्हणत नाही, तू जरूर घे, भाषा शिकायला तैवान सरकारची हुआयू शिष्यवृत्ती आहे, तिचाही पुढं विचार कर. पण मी इथं राहून शिकलो, आणि जे शिकलो ते कामाला आलं. हे मला कुणी शिकवू नये.

आपल्या भागात माणसं भाषा शिकायला कुठं गेलीत? देगलूर, धर्माबादच्या बाजारात दुकानदार एका गिऱ्हाइकाशी तेलुगूत, दुसऱ्याशी मराठीत, तिसऱ्याशी दखनीत बोलतो. तो कुठल्या वर्गाला गेला होता? १९४८ च्या आधी, निजामाच्या राज्यात, शाळेत गेलेल्या आपल्या म्हाताऱ्यांनी उर्दूत शिक्षण घेतलं, घरी मराठी बोलले, दोन्ही टिकवल्या. कारण दोन्हीकडं बोलायला माणूस होतं. माणूस, लेकरा, माणूस!

शेजारचे तुला म्हणतात, शत्रूची भाषा कशाला शिकतेस. त्यांना सांग, संरक्षण मंत्रालयाची दिल्लीत विदेशी भाषांची शाळा आहे, तिथं चिनी शिकवतात. सीमेवर समोरच्याचं बोलणं कळायला नको? आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले, जखमींमध्ये राहून तिथली भाषा शिकले, १९४२ मध्ये तिथंच वारले. यापेक्षा जास्त उत्तर द्यायची गरज नाही, वाद घालत बसू नकोस.

वेरूळला पुन्हा जा. मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. पण आता मोकळ्या हातानं जायचं नाही. एक ते बारा ही बौद्ध लेणी, त्यांतलं दहावं घे, त्या चैत्यगृहाविषयी दहा वाक्यं चिनीत तयार कर, छोटी. अकरावं वाक्य चिनी प्रवासी भिक्षू युआन श्वांगचं. तो सातव्या शतकात, पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आला होता, त्यानं डोंगरातल्या एका विहाराचं वर्णन लिहून ठेवलंय, ते अजिंठ्याचंच असं बहुतेक अभ्यासक मानतात. चीन-तैवानकडच्या शाळकरी पोरालाही त्याचं नाव माहीत असतं. त्याचं नाव तू नीट सुरात घेतलंस की समोरचा थांबेल. ते लोक त्याला श्वेनत्सांग म्हणतात: 'श्वेन' चढत्या सुरात, 'त्सांग' आपटून, आणि तो 'त्स' म्हणजे आपला 'चाक'मधला च. पर्यटकांच्या मागं धावू नकोस, गाईडच्या पोटावर पाय येईल असं वागू नकोस, आधी गाईडची परवानगी घे. आणि सोबत मैत्रीण ने. तिला ती दहा वाक्यं पाठ नसली तरी चालतील, पण तुझं वाक्य अडलं तर तिनं चिमटा काढायचा.

अक्षरं गिरवायची तेवढी एकटीनं गिरव. त्याला माझी हरकत नाही. ऑनलाइन वर्ग लावायचा असेल तर लाव, पण जिंतुरातली दुसरी मुलगी सोबत घेऊनच, एका मोबाईलवर दोघी. फी अर्धी अर्धी वाटून घ्या. ती मुलगी तुझ्यापेक्षा मागं असेल तर फारच उत्तम, तिला शिकवता शिकवता तुझं पक्कं होईल.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मला फोन कर. आजी, मामा, मैत्रीण, जे कुणी तयार होईल त्याला शेजारी बसव आणि स्पीकर चालू ठेव. पहिली पाच मिनिटं मी मराठी बोलणार नाही. तुझ्याशिवाय दुसरा आवाज ऐकू आला नाही तर फोन ठेवून देईन, मग पुढच्या रविवारी.

तुझा,
काका